रंगाची ओळख आणि ओळखीचा रंग

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात पालक, शिक्षक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



हीरक महोत्सवाची तयारी सुरू असताना शाळेच्या कचेरीतील टेबलावर एके दिवशी सात वस्तू योगायोगाने एकत्र आल्या. निमंत्रणपत्रिकेचा नमुना, प्रवेशद्वारावर लावायच्या फ्लेक्सचा तुकडा, ओळखपत्राची फीत, स्वयंसेवकांचा टी-शर्ट, कपाटातून काढलेला शाळेचा जुना ध्वज, प्रगतिपुस्तकाचे वेष्टन आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठाची कच्ची प्रत. सातही वस्तूंवर शाळेचा केशरी रंग असावा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एक गाजरासारखा निघाला, एक आमरसासारखा पिवळसर, एक विटकरी, तर एक सरळ तांबडा. जुना ध्वज उन्हाने फिकट पडून जर्दाळूच्या रंगावर आला होता. शिंपी, छपाईवाला, फ्लेक्सवाला या सर्वांना सांगताना शब्द मात्र एकच वापरला गेला होता: ‘केशरी’. चूक तशी कोणाचीच नव्हती. प्रत्येकाने आपल्या मनातला केशरी दिला होता.

मराठी भाषेला छटांच्या शब्दांची कधीच वाण नव्हती. डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, अबोली, पोपटी, कुसुंबी, लिंबोणी, चिंतामणी... लुगड्यांच्या दुकानात बसलेल्या आजीबाईंनी एका श्वासात वीस नावे घ्यावीत. परंतु ‘आमसुली’ म्हणताच प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे आपापल्या बरणीतले आमसूल उभे राहते, आणि कोकणातून नुकतेच आलेले आमसूल व वर्षभर मुरलेले आमसूल यांचा रंग एक नसतो. बोलण्यापुरते हे शब्द सुंदर आहेत. संस्थेची ओळख ज्या रंगावर उभी करायची, तो रंग केवळ शब्दावर सोडता येत नाही.

रंगासारख्या किरकोळ गोष्टीचा एवढा ऊहापोह कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. घमापुरासारख्या वस्तीत त्याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली जबलपुरात आली. रेल्वे त्याच्याही आधीची. १८७० मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग याच शहरात एकमेकांना मिळाले. नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे आली, स्थिरावली, आणि हिंदीच्या प्रदेशात मुलांना मराठीतून शिकवण्याचा हट्ट त्यांनी धरला. अशा शाळेला मोठी जाहिरात परवडत नाही. रस्त्याने जाणारा गणवेशातला मुलगा आणि फाटकावरची पाटी हीच तिची जाहिरात. चौकातला दुकानदार दुरून गणवेश पाहून म्हणतो, “हे मराठी शाळेचं पोर.” ही साठ वर्षांची कमाई आहे. ती सात वेगवेगळ्या केशरी रंगांत वाटली गेली, तर दुकानदाराने ओळखायचे कशावरून?

रंग ठरवावा कसा आणि ठरलेला रंग राखावा कसा, याचे सर्वांत मोठे उदाहरण प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. त्याचा एक धागा याच शहरातून जातो. १९२३ च्या मार्च महिन्यात जबलपूरच्या टाउन हॉलवर चरख्याचा ध्वज फडकवण्यास जिल्ह्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने मनाई केली. १८ मार्च रोजी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक निघाली, धरपकड झाली, आणि झेंडा सत्याग्रहाला आरंभ झाला. सुभद्राकुमारी चौहान या सत्याग्रहात होत्या. पुढे हे आंदोलन नागपूरला गेले आणि तेथे जमनालाल बजाज व नंतर वल्लभभाई पटेल यांनी त्याचे नेतृत्व केले. कापडाच्या एका तुकड्यासाठी माणसे तुरुंगात गेली. इतिहासाच्या पुस्तकात हे सारे असते. पुस्तकात सहसा नसते ते हे, की त्या काळी त्या कापडाचे रंग पक्के ठरलेले नव्हते.

१९२१ साली गांधीजींच्या सूचनेनुसार तयार झालेल्या ध्वजात वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली तांबडा पट्टा होता. केशरी त्यात नव्हताच. १९३१ मध्ये काँग्रेसने ध्वजासाठी सात जणांची समिती नेमली. तिने संपूर्ण केशरी ध्वजाची शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही, आणि त्याच वर्षी केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम ठरला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ध्वज स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी गडद निळे चक्र आले. त्यामागचे एक कारण नेहरूंनी सभेतच सांगितले होते. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा, आणि चरख्याचे चाक एका टोकाला व चाती दुसऱ्या टोकाला असल्याने तो उलट बाजूने वेगळा दिसतो. चोवीस आऱ्यांचे चक्र कोणत्याही बाजूने पाहिले तरी चक्रच राहते. बोधचिन्ह ठरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा मुद्दा टिपून ठेवावा.

ठरावात ‘गडद केशरी’ आणि ‘गडद हिरवा’ असे शब्द होते. शब्दांनी काम भागत नाही, हे तेव्हाच्या धुरिणांनी चटकन ओळखले. १९५१ साली भारतीय मानक संस्थेने राष्ट्रध्वजाचे प्रमाण प्रसिद्ध केले आणि त्याला क्रमांक दिला एक. स्वतंत्र देशाचे पहिले मानक सिमेंटचे नाही, पोलादाचे नाही, ध्वजाचे! त्यात केशरी, पांढरा, हिरवा आणि निळा यांची व्याख्या आकड्यांत दिली आहे. प्रकाशमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ मध्ये जी रंगमापनपद्धती सिद्ध केली, तिच्या आधारे प्रत्येक रंगाचे स्थान आणि उजळपणा निश्चित केला. (ध्वज समिती आणि ही पद्धती दोन्ही १९३१ च्याच, योगायोग म्हणावा.) धुण्याने व उन्हाने रंग किती टिकला पाहिजे, कापडाची वीण कशी असावी, आकार कोणते, हेही लिहून ठेवले. म्हणूनच हुबळीजवळच्या बेंगेरीत शिवलेला ध्वज आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तयार झालेला ध्वज शेजारी ठेवले, तर दोन देशांचे वाटत नाहीत.

शाळेला एवढ्या काटेकोर प्रमाणाची गरज नाही. गरज आहे ती एका कागदाची. त्यावर शाळेचा केशरी आणि शाळेचा गडद निळा यांचे चौकोनी नमुने चिकटवलेले असावेत. शेजारी चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: छपाईसाठी चार शायांचे प्रमाण, संगणकाच्या पडद्यासाठीचा संकेतांक, भिंतीसाठी रंगाच्या कंपनीच्या शेडकार्डातील क्रमांक, आणि कापडासाठी प्रत्यक्ष कापडाचा तुकडा. चारही लागतात, कारण पडद्यावरचा रंग प्रकाशाने बनतो आणि कागदावरचा शाईने. पडद्यावर झळझळणारा केशरी छापखान्यातून मलूल होऊन येतो, याचा अनुभव स्मरणिका काढणाऱ्या प्रत्येक संपादक मंडळाने घेतलेला असतो. मुद्रकाशी त्यावरून भांडणे व्यर्थ असते. छापील नमुना आधी उन्हात नेऊन पाहावा, मग सही करावी. कचेरीतल्या ट्यूबलाइटखाली पाहिलेला रंग भरवशाचा नसतो.

कापडाच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. गणवेशाची छटा इतकी दुर्मीळ नसावी की ती एकाच दुकानात मिळेल आणि पालकांच्या खिशाला कात्री लागेल. थोरल्या भावाचा धुऊन धुऊन विटलेला सदरा घालून येणाऱ्या मुलाला रांगेतून बाहेर काढणे, याला रंगाची शिस्त म्हणता येणार नाही. रंगाचा काटेकोरपणा संस्थेने आपल्या पाट्यांवर आणि पत्रिकांवर दाखवावा. मुलाच्या अंगावरचा फिकटपणा हा त्याच्या घरच्या काटकसरीचा भाग असतो, आणि त्याबद्दल त्याला काहीही ऐकावे लागू नये.

येथवर रंग एकसारखा राखण्याचा विचार झाला. याहून अवघड प्रश्न पुढे आहे. ठरलेला, मापलेला, जपलेला तो रंग ज्याला दिसतच नाही, त्याचे काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरीच्या वर्गात चित्रकलेचा तास चालू होता. एका मुलाने आंब्याचे झाड काढले आणि पाने तपकिरी रंगवली. शिक्षिकेने कान धरला नाही, परंतु चित्र वर्गाला दाखवून विचारले, “असं झाड कोणी पाहिलंय का रे?” वर्ग हसला. पुढच्या आठवड्यात त्याच मुलाने खडूच्या डबीवरचे नाव वाचून हिरवा खडू उचलला, खोडही हिरवे रंगवले आणि चित्र पाटीखाली लपवले. त्यानंतर तो चित्रकलेच्या तासाला पोट दुखते म्हणू लागला. पुढे दोन वर्षांनी डोळ्यांच्या तपासणी शिबिरात, ठिपक्यांच्या चित्रातला आकडा त्याला वाचता आला नाही, तेव्हा उलगडा झाला. त्या शिक्षिकेने त्याच्या घरी जाऊन आईची क्षमा मागितली. आई म्हणाली, “बाई, माझे वडीलही टोमॅटो पिकलाय का, ते दाबून बघायचे. आम्ही हसायचो.”

त्या आईच्या एका वाक्यात या दोषाचे सगळे शास्त्र आले आहे. लाल व हिरवा यांतील भेद न कळण्याचा दोष बहुधा एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला हे गुणसूत्र आईकडूनच मिळते. त्यामुळे आजोबांचा दोष मुलीच्या नजरेत न दिसता तिच्यामार्फत नातवाकडे जातो. म्हणूनच तो मुलग्यांत पुष्कळ अधिक आणि मुलींत क्वचित आढळतो. मोठ्या शाळेत असा मुलगा नाही, असे सहसा होत नाही. तो कोण हे ठाऊक नसते, एवढेच. त्याला स्वतःलाही ठाऊक नसते, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांनी जग पाहण्याची सोय कोणालाच नाही. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन हे शास्त्रज्ञ. जिरेनियमचे गुलाबी फूल त्यांना दिवसा आभाळासारखे निळे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसे. त्यावरून त्यांना आपल्या दृष्टीतील वेगळेपणा उमगला, तेव्हा ते पंचविशी ओलांडून गेले होते. १७९४ मध्ये त्यांनी त्यावर निबंध वाचला. मग तिसरीतल्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवावी? ठिपक्यांची ती तपासणी जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबु इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. रेल्वेत चालकाच्या जागेसाठी गेलेल्या या वस्तीतील तरुणांना ती चांगली परिचित आहे. काहींचे स्वप्न त्याच पानावर थांबले आहे.

रेल्वेने मात्र एक गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. जुन्या हाताच्या सिग्नलमध्ये दिवसा रंगापेक्षा हाताची स्थिती बोलत असे: आडवा म्हणजे थांबा, कललेला म्हणजे जा. पुढच्या सिग्नलची पूर्वसूचना देणाऱ्या हाताचे टोक माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले असे, म्हणजे रंग कळला नाही तरी आकार कळे. राष्ट्रध्वजाचेही तसेच आहे. केशरी आणि हिरवा यांत ज्याचा गोंधळ होतो, त्या डोळ्यांनाही मधला पांढरा पट्टा दोन्हींना अलग करून दाखवतो, चक्र मध्य सांगते आणि क्रम तर पाठच असतो. अलीकडचे उदाहरण स्वयंपाकघरातले आहे. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर शाकाहारासाठी हिरवा ठिपका व मांसाहारासाठी तपकिरी ठिपका असे. तपकिरी आणि हिरवा! ज्या मुलाने पाने तपकिरी रंगवली, त्याला हे दोन ठिपके एकच. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० च्या नियमांत मांसाहाराच्या ठिपक्याच्या जागी त्रिकोण आणला. रंग तोच राहिला, आकार बदलला, आणि रंग न ओळखणाऱ्या माणसाला आपले ताट स्वतः ओळखता येऊ लागले. नोटांचेही तेच. नवी शंभराची नोट फिकट जांभळी, दोनशेची पिवळी, पाचशेची करडी. परंतु शंभराच्या कडेला चार आणि पाचशेच्या कडेला पाच उठावदार तिरप्या रेघाही आहेत, त्या बोटांना कळतात.

आता शाळेकडे वळावे. क्रीडामहोत्सवातील चार गट लाल, हिरवा, निळा आणि पिवळा. रिले शर्यतीत लाल व हिरव्या गटाचे धावपटू शेजारी उभे असतात. चुकीच्या हाती दिलेली एक कांडी, आणि वर्षभर चिडवले जाणारे एक मूल. हे टाळायला लाल बंडीवर त्रिकोण आणि हिरव्या बंडीवर आडवा पट्टा शिवणे एवढेच पुरते. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेला महत्त्वाचा शब्द काही मुलांना दिसतच नाही, तेथे पांढरा खडू आणि खाली रेघ हवी. प्रगतिपुस्तकात अनुत्तीर्ण विषयाचे गुण लाल शाईने लिहिण्याची रीत आहे. त्याभोवती वर्तुळ काढावे. नकाशा रंगवताना जंगल आणि पठार यांत रंगासोबत नावही असावे. यांतील कशालाही खर्च नाही.

पाटीची गोष्ट थोडी अधिक तपशिलाने सांगण्यासारखी आहे, कारण येथे चांगली नजर असलेलेही फसतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील अंतर मोजण्याची एक रीत संगणकाच्या जगात रूढ आहे. दोन्ही अगदी सारखे असतील तर एकास एक, आणि पांढऱ्यावर काळे असेल तर एकवीसास एक. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी हे प्रमाण किमान साडेचारास एक असावे, मोठ्या ठळक अक्षरांसाठी निदान तीनास एक, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. संगणकावर ध्वजाचा म्हणून सर्रास वापरला जाणारा केशरी घेतला आणि त्यावर पांढरी अक्षरे लिहिली, तर हे प्रमाण भरते सुमारे २.१. देखणी दिसतात, वाचता येत नाहीत. त्याच केशरीवर काळी अक्षरे लिहिली की ते जवळजवळ दहा होते, आणि गडद निळी लिहिली तर साडेसात. म्हणजे ज्या पूर्वसूरींनी केशरी ध्वजावर निळ्या अक्षरांत शाळेचे नाव शिवले, त्यांनी हे गणित न करताच बरोबर निवड केली होती. बिघडवली ती नंतरच्या फ्लेक्सने. हिरव्यावर लाल अक्षरांचे प्रमाण तर पुष्कळदा एकाच्या जरा वरच राहते. लग्नाच्या मांडवावर ते खपून जाईल, रुग्णालयाच्या पाटीवर नाही. आणि हा प्रश्न रंगदोष असलेल्यांपुरता नाही. मोतीबिंदू झालेली आजी नातवाला घ्यायला येते, चश्मा घरी विसरलेले आजोबा पालकसभेची सूचना वाचतात, त्यांचाही आहे.

यावर एक आक्षेप कानी येतो, की सगळ्यांच्या सोयीचे पाहू लागलो तर रंगाचा उत्सवच संपेल, उरेल ते काळे-पांढरे जग. वरची उदाहरणे त्याच्या उलट साक्ष देतात. त्रिकोण आल्याने तपकिरी रंग गेला नाही. चक्राने केशरीचे तेज कमी झाले नाही. रंगाबरोबर आणखी एक खूण ठेवायची, इतकेच मागणे आहे. त्यातही सर्वांना एकाच मापाने मोजू नये. गाडी चालवणाऱ्याला सिग्नलचा रंग कळलाच पाहिजे. परंतु रंग नीट न दिसणाऱ्याला चित्रपट संकलन शिकण्यापासून रोखता येणार नाही, असा निर्वाळा पुण्याच्या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेतील प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. कोठे रंग अनिवार्य आहे आणि कोठे केवळ सवयीने लादला आहे, हे प्रत्येक संस्थेने आपापल्या घरात तपासून पाहावे.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेने दोन गोष्टी केल्या आहेत. रंगांचा तो कागद तयार झाला असून त्याची एक प्रत कचेरीत काचेखाली, एक ग्रंथालयात बंद कपाटात आणि एक मुद्रकाकडे आहे. बंद कपाटातली यासाठी, की काचेखालची उन्हाने विटेल तेव्हा मूळ रंग पाहता यावा. दुसरी गोष्ट प्रवेशद्वारावरच्या नव्या पाटीची. तिचे तीन नमुने पेंटरने करून आणले, तेव्हा ते एकापाठोपाठ एक फाटकाशी टांगले गेले आणि एका विद्यार्थ्याला रस्त्याच्या पलीकडून वाचायला सांगितले. हाच तो तपकिरी पानांचा मुलगा, आता नववीत आहे. पहिले दोन नमुने त्याने नाकारले. तिसऱ्यावर केशरी पार्श्वभूमी आहे, गडद निळी अक्षरे आहेत, आणि नावाच्या डाव्या बाजूला समईची रेखाकृती आहे. तो तिकडून ओरडला, “बाई, हे वाचता येतं!” पेंटरने मग उरलेला पिवळा डबा परत गाडीवर ठेवला.